गेरू गेरूच दिसू दे!



शाळेत उपक्रम झाला की संध्याकाळपर्यंत त्याचे फोटो ऑनलाइन जातात. पण ते फोटो कधी ओळीने लावून बघा. एकात मुलं सुरूच्या सावलीत काळपट, दुसऱ्यात केळव्याच्या किनाऱ्यावरच्या उन्हात पांढरीफटक, तिसऱ्यात फिल्टर लावून गोरीपान! मुलं तीच, मग रंग तीन कसे?

माझं मत स्पष्ट आहे. फोटो छान दिसण्याआधी तो खरा दिसला पाहिजे.

आपल्या पालघर जिल्ह्यातली वारली चित्रकला घ्या. गेरूची जमीन आणि त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढंच तिचं भांडवल. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनी काढलेलं असं चित्र मोबाइलने टिपलं, की काय होतं? कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं धरून चालतो. गडद गेरू दिसला की तो उजेड वाढवतो, आणि गेरूचा होतो फिका नारिंगी.

चेहऱ्यांचं तर त्याहून गंभीर आहे. पूर्वी फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिचा रंग नीट आला की काम झालं. सावळ्या माणसांचे चेहरे बिघडले तरी चालायचं. आज तेच काम मोबाइलमधला ब्युटी मोड करतो, आणि आपण तो चालू ठेवतो.

प्रत्येकाची स्क्रीन वेगळी असते, ते आपल्या हातात नाही. पण एवढं नक्की करता येतं:

१. सगळे फोटो एकाच जागी, एकाच वेळी, सावलीतल्या मोकळ्या उजेडात काढा. अर्धं ऊन, अर्धी ट्यूबलाइट नको.
२. चित्राशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक फोटो घ्या. नंतर रंग सुधारताना तो कागद पांढरा दिसेल असं बघा आणि तीच सेटिंग सगळ्या फोटोंना लावा.
३. स्क्रीनवर चित्राला बोट लावून उजेड थोडा कमी करा.
४. फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत सेव्ह करा. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ती मांडली; बहुतेक सगळ्या स्क्रीन तीच गृहीत धरतात.
५. ब्युटी मोड आणि फिल्टर बंद!

कुणी म्हणेल, “एवढ्याशा फोटोसाठी कशाला इतका खटाटोप?” पण आपल्या वर्गातली पोरं उन्हातान्हात वाढलेली, सावळी, काळी. शाळेनेच त्यांचा चेहरा उजळून टाकला, तर न बोलता आपण त्यांना सांगतो, की तू आहेस तसा चालत नाहीस. असा धडा कुठल्याच पुस्तकात नाही. मग तो आपण मोबाइलवरून तरी का शिकवायचा?