खेळाच्या पुरवणीला किती मोजावे?

परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की आपण पुरवणी मागतो आणि ती मूळ उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधतो. संगणकावरच्या ऑनलाइन खेळांनाही अशा पुरवण्या निघतात. मुले त्यांना ‘एक्स्पान्शन’ म्हणतात. मूळ खेळ निघून वर्ष-दोन वर्षे झाली की कंपनी नवा प्रदेश, नवी कथा, नवी पात्रे आणि नव्या मोहिमा यांचा संच काढते व त्याची वेगळी किंमत लावते. परीक्षेतली पुरवणी फुकट मिळते, ही मिळत नाही. म्हणून घरोघरी वाद होतो. मुलगा म्हणतो, “सगळे मित्र पुढे गेले, मी एकटा जुन्या नकाशावर राहिलो.” वडील म्हणतात, “एकदा खेळ घेऊन दिला ना? मग पुन्हा पैसे कशाचे?”

या वादात मला दोन्ही बाजूंना काही सांगायचे आहे. मोठ्या खेळांच्या पुरवण्यांची छापील किंमत बहुतेक वेळा रास्तच असते, असे माझे मत आहे. फसगत होते ती त्या किमतीच्या आगेमागे असलेल्या अटींमुळे. आणि त्या अटी मुलेही वाचत नाहीत, पालकही वाचत नाहीत.

प्रथम किंमत पाहू. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ २००४ साली निघाला. त्याची पहिली पुरवणी ‘द बर्निंग क्रुसेड’ जानेवारी २००७ मध्ये आली. तिच्यात एक अख्खा नवा प्रदेश होता, खेळाडूला निवडता येतील अशा दोन नव्या जमाती होत्या आणि साठाव्या पायरीवर थांबलेल्या खेळाडूला सत्तराव्या पायरीपर्यंत जाता येत होते. किंमत होती ३९.९९ डॉलर. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘द वॉर विदिन’ या पुरवणीची मूळ किंमत ४९.९९ डॉलर होती. सतरा वर्षांत दहा डॉलरची वाढ. अमेरिकेतील महागाई जमेस धरली तर २००७ चे चाळीस डॉलर २०२४ मध्ये साठाहून थोडे अधिक होतात. म्हणजे तिथल्या ग्राहकाला पुरवणी उलट स्वस्त झाली. आपल्याला मात्र रुपयाच्या दराचाही हिशेब करावा लागतो. २००७ मध्ये त्या पुरवणीचे सुमारे १,८०० रुपये झाले असते, २०२४ मध्ये सुमारे ४,२०० झाले. मध्यमवर्गीय घरात ही रक्कम लहान नाही. पण शेकडो चित्रकार, लेखक, संगीतकार आणि प्रोग्रॅमर यांच्या वर्ष-दोन वर्षांच्या कामाचे हे मोल आहे, एवढे तरी पालकांनी मान्य करावे. ‘नुसता खेळ तर आहे’ असे म्हणून ते झटकून टाकणे बरोबर नाही.

आता मुलांचा युक्तिवाद. मुले तासांवर भाग देतात: ४,२०० रुपयांची पुरवणी साठ तास खेळली तर तासाला सत्तर रुपये पडले, मग सिनेमापेक्षा स्वस्तच की! भागाकार बरोबर आहे, पण तो अर्धेच सांगतो. तास वाढवणे कंपनीच्या हातात असते. तीच दहा रानडुकरे पुन्हा पुन्हा मारायला लावली, आठवड्यातून एकदाच उघडणारे दार ठेवले, की तास आपोआप वाढतात. रात्रभर चालणारे संगीत नाटक केवळ लांब म्हणून दोन तासांच्या नाटकापेक्षा चांगले ठरत नाही. त्या तासांत काय मिळाले, हे विचारावे लागते.

वर्गात नामे-जमा शिकवताना मी नेहमी सांगतो की खर्चाची एकच नोंद पाहून व्यवहार कळत नाही. इथेही तसेच आहे. ‘वॉरक्राफ्ट’ खेळायला पुरवणीखेरीज दरमहा १४.९९ डॉलर वर्गणी आहे. दोन पुरवण्यांमध्ये साधारण दोन वर्षांचे अंतर पडत आले आहे. चोवीस महिन्यांची वर्गणी झाली सुमारे ३६० डॉलर आणि पुरवणी पन्नास डॉलर. एकूण खर्चात पुरवणीचा वाटा जेमतेम आठवा हिस्सा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हा हिशेब. घरात भांडण होते ते कोंबडीवरून, आणि मसाल्याचे पैसे दरमहा कार्डातून मुकाट्याने जात राहतात.

वर्गणी घेऊन कंपनी नवे काही देत राहिली तर तक्रार नाही. पण २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’ या पुरवणीचे काय झाले पाहा. तिचा शेवटचा मोठा भाग जून २०१५ मध्ये आला. पुढची पुरवणी आली ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस. मधले चौदा महिने मोठे असे नवे काहीच नव्हते, वर्गणी मात्र चालू होती. चौदा महिन्यांचे झाले सुमारे २१० डॉलर, म्हणजे पुरवणीच्या चौपट. पुष्कळ खेळाडूंनी हा हिशेब केला असावा. पुरवणी निघाली तेव्हा वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले होते. २०१५ च्या मध्यास कंपनीनेच जाहीर केलेला आकडा ५६ लाख होता.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे. आपल्या बडोद्यात ग्रंथालयाची वर्गणी म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. ग्रंथालयाचे पुस्तक परत करायचे असते आणि दुकानातून विकत घेतलेले पुस्तक आपल्या कपाटात राहते, हा फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. ऑनलाइन खेळाच्या पुरवणीत हा फरक पुसला जातो. पैसे विकत घेतल्यासारखे द्यायचे आणि वस्तू मात्र कंपनीच्या कपाटात राहणार!

याचे ठळक उदाहरण ‘डेस्टिनी २’ हा खेळ. सप्टेंबर २०१७ मध्ये तो ५९.९९ डॉलरला विकला गेला. पुढे त्याच्या दोन छोट्या पुरवण्या आल्या आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फोरसेकन’ ही मोठी पुरवणी ३९.९९ डॉलरला आली. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने मूळ खेळाची कथा, त्या दोन छोट्या पुरवण्या आणि मंगळासह काही प्रदेश खेळातून काढून टाकले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोरसेकन’ची कथाही गेली. खेळ फार मोठा झाला, सांभाळणे कठीण झाले, असे कारण देण्यात आले. तांत्रिक अडचण खरी असेलही. पण पुस्तकविक्रेत्याने घरी येऊन ‘दुकानात जागा उरली नाही’ म्हणून आपल्या कपाटातले विकत घेतलेले पुस्तक उचलून नेले तर आपण गप्प बसू का? पुरवणीच्या किमतीचा रास्तपणा इथे खरा ठरतो. चाळीस डॉलर कायमचे असतील तर ठीक. साडेतीन वर्षांचे भाडे असेल तर तसे आधी सांगायला हवे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे. तिथे विक्रेत्याला डिजिटल वस्तूवर ‘विकत घ्या’ असे लिहायचे असेल, तर आपण केवळ वापरण्याचा परवाना देत आहोत हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

तिसरी अट जुन्या गिऱ्हाइकाची. मराठी प्रकाशकांची पूर्वप्रकाशन सवलत आपल्याला माहीत आहे: जो आधी पैसे भरून विश्वास दाखवतो, त्याला पुस्तक स्वस्त मिळते. २०१५ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’च्या पहिल्या पुरवणीचे उलटे झाले. ४९.९९ डॉलरच्या त्या पुरवणीबरोबर नव्या गिऱ्हाइकाला मूळ खेळही मिळत होता. ज्यांनी तो २०१२ पासून पैसे देऊन घेतला होता, त्यांनाही तीच किंमत होती. जुने खेळाडू चिडले. त्यांनी एकत्र येऊन तक्रार केली, तेव्हा कंपनीने आगाऊ नोंदणी करणाऱ्या जुन्या खेळाडूंना एका जादा पात्राची जागा दिली आणि नुकताच मूळ खेळ घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले. मुद्देसूद तक्रारीचा उपयोग होतो, हे विद्यार्थ्यांनी यातून लक्षात ठेवावे.

सगळेच असे वागतात असे नाही. ‘फायनल फँटसी १४’ची २०१५ ची पुरवणी आणि २०२४ ची पुरवणी, दोन्हींची मूळ किंमत ३९.९९ डॉलर. नवी पुरवणी घेतली की आधीच्या पुरवण्या तिच्यातच मिळतात. शिवाय मूळ खेळ आणि पहिल्या दोन पुरवण्या विनामूल्य चाचणीत, दिवसांची मर्यादा न घालता, खेळता येतात. आधी चाखून पाहा, आवडले तर घ्या, असा हा सरळ व्यवहार आहे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालावीशी वाटते. ‘आमचा मुलगा फुकटचाच खेळ खेळतो’ हे समाधान फसवे असू शकते. अनेक फुकट खेळांत बंद पेट्या विकतात. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्यात बसवले. त्यांच्या तुलनेत पुरवणी प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण इतके पैसे द्या आणि इतके घ्या हे तिथे आधी ठरलेले असते. आपल्याकडच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली आहे. ठरावीक शुल्क भरून करमणुकीसाठी खेळायचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. तेव्हा पुरवणी मागणाऱ्या मुलाला जुगारी ठरवू नये.

पण मुलांनीही हट्ट धरण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून आणावीत. पुढच्या दोन वर्षांत वर्गणीसह एकूण खर्च किती? विकत घेतलेले कायम राहील का, आणि या कंपनीने पूर्वी काय केले आहे? सहा महिने थांबलो तर काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असेच येते. ‘वॉरक्राफ्ट’ने २०१८ पासून जुन्या पुरवण्या वर्गणीतच देऊन टाकल्या. आगाऊ नोंदणीसाठी ‘शेवटचे काही तास’ असे घड्याळ दाखवतात, त्याला भुलू नये. अशी खोटी घाई आणि वर्गणीचा सापळा या दोन्ही क्लृप्त्यांना आपल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे.

मुलाने असा कागद आणला तर पालकांनी तो वाचावा आणि खर्च झेपणारा असेल तर पुरवणी घेऊन द्यावी. झेपणारा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. खेळाला नावे ठेवून वेळ मारून नेऊ नये. पैशाच्या अडचणीचे खरे कारण मुलांना समजते, खोटे कारणही समजते.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या दिवशी आठवी ते दहावीच्या मुलांना एक तास द्यावा. प्रत्येक गटाने आपल्या आवडत्या एका खेळाचा दोन वर्षांचा जमाखर्च आणि त्याच्या अटी एका पानात मांडाव्यात, आणि ती पाने शाळेच्या फलकावर लावावीत. आज चार हजारांच्या पुरवणीच्या अटी वाचायला शिकलेला विद्यार्थी उद्या घराच्या कर्जाच्या अटीही वाचेल. पालकसभेला येणाऱ्यांनीही त्या फलकापाशी पाच मिनिटे जरूर थांबावे.