बफ सुरू करण्यापूर्वी

जुन्या घड्याळांचा शौक असलेल्या परदेशी ग्राहकांच्या तोंडी ‘मुंबई स्पेशल’ हे नाव बसलेलं आहे, आणि ते कौतुकाने घेतलं जात नाही. नव्याने रंगवलेली भडक डायल, भलत्याच घड्याळाचे काटे आणि बफवर घासून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली केस, असं घड्याळ दिसलं की हे नाव घेऊन ते पुढे जातात. फेवर-लुबा आणि वेस्ट एंड यांनी एकोणिसाव्या शतकापासून ज्या शहरात आपली घड्याळं विकली, जिथे चिमटा आणि आय-ग्लास घेऊन पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी उत्तम मशीन दुरुस्त केल्या, त्या शहराचं नाव असं वापरलं जावं याचं वाईट वाटतं. रंगवलेल्या डायलबद्दल आपल्या व्यवसायात निदान बोललं तरी जातं. केसबद्दल कुणी बोलत नाही. मशीन उस्तादाने उघडायची आणि केस हाताखालच्या पोराकडे ‘जरा बफ मारून आण’ म्हणून द्यायची, ही रीतच पडून गेली आहे. या वेळचं संपादकीय त्या ‘जरा’बद्दल आहे.

स्टीलवरचा ओरखडा पुसला जात नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणला, तरच तो दिसेनासा होतो. म्हणजे एका खोल ओरखड्यासाठी त्या अख्ख्या बाजूची जाडी आपण कमी करतो. एकदा केलं तर फारसं कळत नाही. पण पन्नास वर्षांच्या घड्याळाची सर्व्हिस आठ-दहा वेळा झालेली असते, आणि दर वेळी कुणीतरी बफ मारलेला असतो. लग बारीक होतात, स्प्रिंगबारच्या भोकाबाहेरची भिंत पातळ होते, भोक आरपार असेल तर त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला पसरतं. अशा घड्याळाचा पट्टा एखाद्या दिवशी लोकलच्या गर्दीत सुटतो, तेव्हा दोष स्प्रिंगबारला दिला जातो.

आधी एक प्रश्न विचारायचा असतो आणि तोच बहुतेकदा राहून जातो: केस नक्की कशाची आहे? मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असेल, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. झाकण स्टीलचं आहे. बाकीची केस बहुधा क्रोम चढवलेल्या पितळेची असणार. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला. तिथली चावीची बरीच घड्याळं आणि त्या काळातली कितीतरी स्वस्त स्विस घड्याळं याच प्रकारची आहेत. त्यांना बफ लावला की क्रोम उडतं, निकेल उडतं आणि कडांवर पिवळं पितळ डोकावू लागतं. मग ते झाकायला पुन्हा घासणं आणि पुन्हा बिघडवणं. चुंबक लावून पाहणारे पुष्कळ आहेत, पण त्याचा इथे उपयोग नाही, कारण पितळ चुंबकाला चिकटत नाही आणि घड्याळाच्या केसचं नेहमीचं स्टीलही जवळपास चिकटत नाही. लगच्या आतल्या बाजूला, जिथे पट्टा घासतो, तिथे आय-ग्लास लावून पाहावं. पिवळेपणा असेल तर बफ बंद. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश आणि कोरडं फडकं, एवढ्यावर थांबावं. क्रोम पुन्हा चढवून घेणं हे प्लेटिंगवाल्याचं वेगळं काम आहे, आणि ते गिऱ्हाइकाला विचारूनच.

केस खरोखर अख्खी स्टीलची असेल, तर ती कशी घडवली होती हे आधी वाचायला शिकलं पाहिजे. साठ-सत्तरच्या दशकातला, कधीही पॉलिश न झालेला एखादा सेको फाइव्ह मिळाला तर लग दिव्याखाली तिरका धरून पाहा. वरच्या बाजूला एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतील. बाजूचा भाग आरशासारखा असेल. या दोहोंच्या मध्ये एक रेघ असते, नखाला जाणवेल इतकी स्पष्ट. प्रकाश त्या रेघेवर येऊन तुटतो आणि घड्याळाला जे रूप येतं ते तिथून येतं. सेकोने १९६७ साली काढलेल्या ४४ जीएस या ग्रँड सेकोची तर सगळी रचनाच सपाट पृष्ठं आणि त्यांच्या मधल्या धारदार कडा यांवर उभी आहे. सुताच्या मऊ बफवर हीच केस धरली की कापड कडेला वळसा घालतं आणि कड गोल होते. वरची रेघारेघांची बाजू आणि खालची आरशाची बाजू एकमेकांत मिसळून जातात. घड्याळ चमकतं खरं, पण कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हाही ते असं दिसत नव्हतं.

झाकणाच्या बाबतीत नुकसान आणखी मोठं. त्या काळातल्या सेकोच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो आणि दुसरा महिना सांगतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी रोमन अक्षरं असतात. झाकणाला बफ मारून तो क्रमांक पुसट केला की घड्याळाची जन्मतारीख गेली. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळांवर कोरलेली नावं आणि तारखा अशाच जातात. झाकणाला बफ लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथले ओरखडे मनगटाच्या बाजूला असतात, ते कुणाला दिसत नाहीत.

काम करायचंच ठरलं तर ते नीट करावं. मशीन, काच, चावी, वॉशर, स्प्रिंगबार सगळं काढून केस रिकामी करावी. मशीन आत ठेवून बफ मारणारे अजून आहेत. लस्टरची भुकटी चावीच्या नळीतून आत जाते आणि नवं तेल घातलेली मशीन काही महिन्यांत अडखळू लागते. स्टीलमधून उष्णता पितळेच्या मानाने फारच हळू वाहते, त्यामुळे बफखालची जागा चटकन तापते आणि दाब जास्त झाला तर रंग बदलते. हलका हात, थोडा वेळ, मध्ये थांबणं. सपाट बाजूंसाठी मऊ बफ टाळावा. कठीण फेल्टचं चाक किंवा काचेच्या तुकड्यावर पसरलेला पॉलिश पेपर कड राखतो. ६००, १०००, १५००, २००० असं चढत जावं, आणि आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घेऊ नये. आरशासारख्या बाजू आधी कराव्यात, मग त्या टेपने झाकून रेघांची बाजू एकाच दिशेने, एकाच ओढीने काढावी. हात मागे-पुढे केला की रेघा फसतात आणि ते लांबूनही कळतं. पितळेवर किंवा चांदीवर वापरलेला बफ स्टीलवर आणू नये. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी तर जवळही नको. लोखंडाचे कण पृष्ठभागावर रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके उठतात. मास्क आणि चष्मा वापरा. त्या धुळीत क्रोमियम आणि निकेल असतं.

गंजाबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्या हवेत तो टळत नाही. ‘स्टीलला गंज लागत नाही’ हे अर्धंच खरं आहे. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं आणि हवेतल्या प्राणवायूमुळे त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. तो ओरखडला तरी हवा मिळाली की आपोआप भरून येतो. पण झाकणाच्या वॉशरखाली घाम साचतो, हवा पोचत नाही आणि मिठातलं क्लोराइड तिथे खड्डे पाडतं. कोकणपट्टीतली आणि मुंबईची घड्याळं उघडणाऱ्या प्रत्येकाने हे काळपट खड्डे पाहिलेले आहेत. बाहेरच्या चमकीसाठी तासभर घालवून वॉशरची ही बैठक तशीच सोडली, तर पाणी आत जाणारच. बैठक स्वच्छ करून नवा वॉशर बसवणं, हे माझ्या मते पॉलिशपेक्षा कितीतरी महत्त्वाचं काम आहे. खड्डे खोल असतील तर लेझर वेल्डिंगने भरून घेण्याची सोय आता आहे. ती महाग आहे, म्हणून गिऱ्हाइकाला आधी आकडा सांगावा. मळ काढण्यासाठी ब्लीच किंवा संडास धुण्याचं ॲसिड वापरण्याची सवय काही ठिकाणी दिसते. दोन्हींत क्लोराइड आहे, दोन्ही स्टील खातात.

हे सगळं बिघडतं त्याचं मूळ मला आपल्या दरपत्रकात दिसतं. सर्व्हिसवर पॉलिश फुकट, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. फुकटच्या कामाला पाच मिनिटं मिळतात, आणि पाच मिनिटांत फक्त बफच मारता येतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “वडिलांचं घड्याळ आहे, अगदी नव्यासारखं करून द्या.” बहुतेकांना यापलीकडे काय मागावं हे माहीत नसतं. ते त्यांना सांगणं आपलं काम आहे. आय-ग्लास त्यांच्या हातात द्या, लगची कड दाखवा आणि म्हणा, “काका, हे ओरखडे तुमच्या वडिलांच्या हातून पडलेत. ठेवायचे की काढायचे, ते तुम्ही ठरवा. काढले तर ही कड थोडी बोथट होईल.” हे ऐकल्यावर कितीतरी जण ‘राहू द्या’ म्हणतात. जे ‘काढा’ म्हणतील, त्यांच्याकडून कामाचे पूर्ण पैसे घ्या. दोन-तीन तासांच्या कसबी कामाचे पैसे मागायला संकोच कशाला?

एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्या कारखान्यांतून आता नवी केस येणार नाही. जुन्या फेवर-लुबाच्या, वेस्ट एंडच्या केसही कुणी पुन्हा घडवणार नाही. ज्या आहेत त्या आपल्याच टेबलांवर येणार आहेत, आणि त्यांची कड राहील की जाईल ते आपल्या हाताखालच्या पोराला आपण काय शिकवलं यावर ठरेल.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक जुन्या घड्याळाच्या पावतीवर तीन गोष्टी लिहायला सुरुवात करा: केस कशाची आहे, पॉलिश केली की नाही, केली असल्यास कोणत्या बाजूंना, आणि डायल मूळची आहे की रंगवलेली. काम घेण्याआधी केसचा मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. घड्याळ विकायला ठेवणार असाल तर हीच माहिती विक्रीच्या चिठ्ठीवरही द्या.