गुण वाचनांना द्या, उत्तराला नको



दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की प्रयोगवह्या ‘पुऱ्या’ करण्याची धांदल उडते. पुऱ्या करणे म्हणजे शेजाऱ्याची वही उतरवून काढणे. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी २८ वर्षे सहायक होतो, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. ओहमचा नियम : रोध ५ ओहम. बर्फाचा अप्रकट उष्मा : ग्रॅमला ८० कॅलरी. ॲमीटरचा काटा अडकलेला असो की बर्फ न टिपताच कॅलरीमापीत पडलेला असो, सगळ्या वह्यांत आकडा तोच. वाचने मागाहून, उत्तरावरून उलटी काढलेली.

एकदा नायक्रोमच्या वेटोळ्याचे टोक तुटले, म्हणून एका टेबलावर मी बॅटरीतला छोटा दिवा जोडून दिला. तिथल्या मुलीने इमानाने वाचने घेतली. अर्ध्या व्होल्टला रोध आला चारच्या आसपास, एक व्होल्टला साडेपाच, दोनला साडेसात. आलेखाची रेषा वाकली. सरांनी त्यावर लाल रेघ ओढली आणि ‘पुन्हा कर’ म्हणाले. ‘भौतिक अवस्था कायम असताना’ हे नियमातले शब्द मुले घोकतात. ते तिथे कशाला आहेत, हे त्या वाकड्या रेषेत दिसत होते. धारा वाढली, तार तापली, टंगस्टनचा रोध चढला. घरातला ६० वॅटचा जुना पिवळा दिवा पेटलेला असताना सुमारे ८८० ओहमचा असतो. तोच काढून, थंड झाल्यावर मल्टीमीटरने मोजा, शंभरही भरत नाहीत. पुस्तकात विजेचा आणि उष्णतेचा धडा वेगळा, दिव्यात मात्र दोन्ही एकाच तारेत. मी तेव्हा गप्प बसलो, हेही लिहून टाकतो.

साधने अपुरी, तास ३५ मिनिटांचा, वर्गात साठ मुले, हे सगळे खरे. त्यावर हल्ली आभासी प्रयोगशाळेचा उतारा सुचवला जातो. धोक्याच्या प्रयोगांना ती ठीक आहे. पण तिथे काटा अडकत नाही, बर्फ ओला नसतो, उत्तर दर वेळी बरोबर येते. कपाटावरचा कागदच तो, फक्त पडद्यावर आला.

आणि साधनेच हवीत असे कुठे आहे? घरी १५०० वॅटची किटली असली तर आईवडिलांसमोर तिच्यात मोजून एक लिटर पाणी उकळा. २५ अंशांपासून १०० पर्यंत न्यायला ३ लाख १५ हजार ज्यूल लागतात, म्हणजे हिशेबाने साडेतीन मिनिटे. घड्याळ लावा, वेळ जास्तच भरेल. काही उष्णता भांड्याने खाल्ली, काही वाफेबरोबर गेली. आमच्या गावासारखा संध्याकाळी दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरत असेल, तर शक्ती वर्गाच्या प्रमाणात घटते आणि नुसत्या त्यापायी साडेचार मिनिटे उलटतात. उशीर का झाला हे ज्याला सांगता आले, त्याला ज्यूलचा नियम आला असे मी म्हणेन.

विज्ञानाच्या शंभरांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. माझी मागणी त्यातल्या काहींपुरतीच आहे. उत्तर ५ च्या जागी ६.२ आले आणि मुलाने ‘जोडणी सैल होती, पुन्हा घट्ट केल्यावर ५.४ आले’ असे लिहिले, तर त्याला पूर्ण गुण मिळावेत. सगळ्या वह्यांत दशांशापर्यंत एकच उत्तर असेल, तर परीक्षकाने मुलाला टेबलावर बोलावून एक वाचन घ्यायला लावावे. याला नवा पैसाही लागत नाही. परीक्षकाचा वेळ लागेल, आणि गुणांची टक्केवारी थोडी खाली येईल. शाळांची खरी धास्ती ती आहे.

निवृत्तीच्या दिवशी मी तो कागद फाडून टाकला. तिसऱ्या दिवशी नव्या सहायकाचा फोन आला, ‘‘काका, उत्तरांचा कागद कुठं ठेवलाय?’’

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जि. सातारा