किंमत नंतर, आधी फिगर हातात घ्या

दिवाळीची आवराआवर निघाली की पुण्यातल्या विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर भागातल्या घरांचे माळे रिकामे होतात आणि ओळखीपाळखीची माणसं मला विचारतात, ‘या जुन्या खेळण्याचे किती येतील?’ आकडा सांगण्याआधी ती वस्तू पारखायची कशी, ते आज सांगतो. नमुना घेऊ मेजर ब्लडचा.

‘जी. आय. जो’ मालिकेतला हा भाडोत्री सैनिक. पैसे मोजेल त्याच्यासाठी लढणारा, ‘कोब्रा’ या शत्रुसंघटनेचा माणूस. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने पावणेचार इंची फिगर्सची ही मालिका 1982 मध्ये आणली. त्याच वर्षी मार्व्हलचं कॉमिकही सुरू झालं. ते लिहिणारे लॅरी हामा फिगरच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यामागे छापलेली पात्रांची माहितीही लिहीत. ब्लड आला 1983 मध्ये. आपल्याकडे फनस्कूलने परवाना घेऊन ही मालिका काढली, त्यात तोही होता. एमआरएफ आणि हॅस्ब्रोच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या या कंपनीचा एक कारखाना गोव्यात आहे.

आता फिगर हातात घ्या. कंबर धरून पाय हलकेच हलवा. धड आणि पाय आतल्या एका रबरी कडीने बांधलेले असतात. वर्षानुवर्षं डब्यात पडून ती कडी कडक होते, तुटते आणि पाय लोंबू लागतात. घाबरू नका. पाठीतला स्क्रू काढून नवी कडी बसवता येते. अंगठा मोडला असेल तर मात्र किंमत खरोखर उतरते. जाड मुठीचं शस्त्र दाबून बसवताना बारीक अंगठा तुटतो आणि त्यावर इलाज नाही. मग पाहा डोळ्यावरची पट्टी, मिशी आणि शिरस्त्राणाच्या कडा. रंग सगळ्यात आधी कडांवरूनच उडतो. शेवटी पिस्तूल आणि पाठीवरची पेटी मोजून घ्या.

ब्लडचा उजवा हात धातूने मढवलेला दाखवलाय आणि तो कोपरात वाकत नाही. खेळणाऱ्या मुलाला हे खटकतं, आणि खेळणं म्हणून तो दोषच आहे. तरीही माझ्या मते या फिगरचा जीव त्या हातातच आहे. एक डोळा झाकलेला, एक हात ताठ : हा माणूस पैशांसाठी किती लढाया लढलाय, हे गोष्ट न वाचताही कळतं. खलनायकाच्या फिगरला मी गुण देतो ते याच गोष्टीला.

दोन समजुती मात्र सोडायला हव्यात. पहिली, अमेरिकन फिगरपेक्षा रंग वेगळा म्हणजे माल बनावट. फनस्कूलच्या बऱ्याच फिगर्सचे रंग मूळ मालापेक्षा वेगळे आहेत आणि जगभरचे संग्राहक त्यासाठीच त्या शोधतात. दुसरी, पाकीट फोडलं की सगळं संपलं. बंद पाकिटाला जास्त पैसे मिळतात, कारण पुठ्ठा आणि सगळी शस्त्रं शाबूत असतात. पण त्या पाकिटातली कडी शाबूत आहे का, हे बाहेरून कोण सांगणार?

परदेशी माल सहज मागवावा, असे दिवसही राहिले नाहीत. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. अशा वेळी फनस्कूलने काढलेली, आपल्याच माळ्यावर पडलेली फिगर भंगारवाल्याला देणं म्हणजे एका भारतीय उद्योगाचा पुरावा वजनावर विकणं आहे.

म्हणून कडी बदला, पण विकताना ती बदलल्याचं गिऱ्हाइकाला सांगा. फिगर कुठून, कधी घेतली हे चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा. सुटं शस्त्र सापडलं तर ते त्याच डब्यात टाका. एवढं केलंत की आकड्याची घासाघीस करायला तुम्ही मोकळे, आणि तेव्हा आपण नेमकं काय विकतोय हे तुम्हाला समोरच्याइतकंच ठाऊक असेल.