तिशीतला गुडघा
तिशी गाठलेल्या कबड्डीपटूशी लांबचा करार करावा का, हे तो मैदानात कुठे उभा राहतो त्यावर ठरते. चढाईपटूचे भांडवल म्हणजे गुडघा; बोनस रेषा ओलांडून एका पायावर गर्रकन फिरताना सगळा भार त्यावरच येतो. प्रो कबड्डीच्या लिलावात चढाईपटू प्रदीप नरवालला २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख मिळाले, २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ मध्ये बोलीच लागली नाही आणि त्याने निवृत्ती घेतली. वय जेमतेम २८, म्हणजे लग्नाच्या बाजारात अजून ‘मुलगा’च! उलट बचावपटू धर्मराज चेरलाथन चाळिशी उलटल्यावरही कोपऱ्यात उभा राहून चढाईपटूंचे घोटे पकडत होता. कोपऱ्याला वेगापेक्षा अंदाज लागतो, आणि अंदाज वयाबरोबर पिकतो. पेण-रोह्याकडे गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून गावच्या संघातून उतरणाऱ्या दादाचा करार मात्र कुठल्याच कागदावर नसतो. महाराष्ट्रात खेळाडूचा खरा लांबचा करार म्हणजे सरकारी नोकरीतला पाच टक्क्यांचा क्रीडा कोटा. प्रो कबड्डीच्या संघमालकांनी मात्र तिशीतल्या चढाईपटूला एकच हंगाम द्यावा, कोपरारक्षकाला खुशाल तीन.