विश्लेषण : ऑनलाइन स्लॉटमध्ये नवख्याचे ‘नशीब’ कुठून येते?

परतवाड्याच्या बसस्थानकावर अमरावतीच्या गाडीची वाट पाहता पाहता एखाद्याने मोबाइलवर पहिल्यांदाच स्लॉट उघडला, दहा-दहा रुपयांचे दहा डाव लावले आणि शंभराचे एकशेवीस झाले, असे समजा. ‘नवख्याला लागतेच’ ही समजूत इथून घट्ट होते. ॲप मुद्दाम जिंकवते, असाही संशय घेतला जातो. बेकायदा ॲपबाबत तो खोटा म्हणता येणार नाही. पण खेळ अगदी प्रामाणिक असला, तरी हेच घडते.

शंभरातले ४४ फायद्यात कसे?

सोपा नमुना घेऊ. दहा रुपयांच्या डावात जिंकण्याची शक्यता २४ टक्के आणि लागल्यास हातात ४० रुपये. म्हणजे लावलेल्या शंभरामागे सरासरी ९६ परत. चालवणाऱ्याला डावामागे अवघे ४० पैसे. दहा डावांत तीनदा लागले की खेळणारा फायद्यात. हिशेब केला तर शंभर नवख्यांपैकी साधारण ४४ जण असे उठतात. हजार डावांनंतर मात्र फायद्यात उरतात २२, दहा हजारांनंतर जेमतेम एक. खऱ्या स्लॉटमध्ये बक्षिसे अनेक प्रकारची असतात, त्यामुळे आकडे बदलतील. दिशा बदलणार नाही. कारण डाव शंभरपट झाले की नशिबाचे चढउतार दहापटच वाढतात, ४० पैशांची कपात मात्र पुरती शंभरपट होते.

आणि पहिल्या दहा डावांत हरलेले ५६? त्यांतले बरेच जण ॲप बंद करून विसरून जातात. पानटपरीवर किस्सा रंगतो तो उरलेल्या ४४ जणांचा.

मटक्यापेक्षा स्वस्त?

मटका मुळात निघाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर लागणाऱ्या सट्ट्यातून. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाडात तो पुढे ‘वरली’ म्हणून पोचला, हाही एक योगायोगच. मटक्यात दहापैकी एक आकडा लागला, तर साधारण नऊपट मिळतात. म्हणजे शंभरामागे दहा रुपये चालवणाऱ्याचे. आपल्या नमुन्यातल्या स्लॉटचे चारच. पण मटक्याचा आकडा ओपन-क्लोज असा ठरल्या वेळी निघतो, तर स्लॉटचा डाव पाच सेकंदांत संपतो. तासाला ७२० डाव, ७,२०० रुपयांची उलाढाल आणि सरासरी २८८ रुपयांचा तोटा. खात्यात हजारच भरले असले तरी उलाढाल एवढी होते, कारण जिंकलेले पैसे पुन्हा डावावर लागतात. रोज दोन तास खेळणाऱ्याचे दहा हजार डाव आठवड्यात पुरे होतात.

कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बंदी चुकवून चालणाऱ्या ॲपवर ‘९६ टक्के परतावा’ लिहिलेला असला, तरी तो खरोखर ९६ आहे की ६९, हे तपासायला खेळणाऱ्याकडे काहीच साधन नाही.