शोक फुकट, दाद उधार

‘गायनॅक्स’ ही जपानी अॅनिमे संस्था बुडाल्याचे दुःख मुचकुंदी नदीच्या मुखावर वसलेल्या पूर्णगडातही अजून पाळले जाते, ही गोष्ट समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी टिपून ठेवावी अशी आहे. अॅनिमे म्हणजे जपानी धाटणीचे अॅनिमेशनपट व मालिका. आणि त्यांच्या चाहत्यांत गायनॅक्सच्या ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ (१९९५) या मालिकेला जवळजवळ पोथीचा मान आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतून मालिकेचे दिग्दर्शक हिदेआकी आन्नो बाहेर पडले व त्यांनी २००६ मध्ये ‘खारा’ काढली, २०११ मध्ये आणखी काही जणांनी ‘ट्रिगर’ उभी केली, आणि उपाहारगृहे चालवण्यासारखे नसते उद्योग व पदाधिकाऱ्याला विनातारण दिलेली कर्जे यांनी पोखरलेल्या मूळ संस्थेने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

या शोकाची बारकाईने तपासणी केली असता एक विसंगती आढळते. पूर्णगडच्या किल्ल्याच्या तटाला पाठ लावून, तडा गेलेल्या मोबाइलच्या काचेवर मालिका पाहणाऱ्या तरुण मंडळींना संस्थेचा पडता काळ तोंडपाठ असतो, कोणता भाग कोणाच्या हातचा आणि कोठून रया गेली यावर त्यांचे हिरिरीने वाद होतात; परंतु ती मालिका त्यांच्यापैकी बहुतेकांनी कोणी तरी चोरून उतरवलेल्या प्रतीवरून पाहिलेली असते, आणि ज्या चित्रकारांसाठी डोळे पाणावतात त्यांच्या पदरी या मंडळींकडून आजवर छदामही पडलेला नसतो.

सदराचे जुने वाचक जाणतात की कोणतीही परदेशी गोष्ट येथे फार तर दोन परिच्छेद टिकते आणि मग कोल्हापूर-पुण्याची वाट धरते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून शांताराम वणकुद्रे, विष्णुपंत दामले, फत्तेलाल व केशवराव धायबर बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या साथीने त्यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली, तेव्हा मूळ कंपनीच्या चाहत्यांनाही ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ असेच वाटले असणार. १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या प्रभातने पुढच्याच वर्षी ‘जंबू काका’ हा छोटा कार्टूनपट काढून पाहिला, १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिला, आणि तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ तिकीट काढून पाहिला गेला. १९४२ मध्ये शांताराम यांनी ‘राजकमल’ या स्वतःच्या चित्रसंस्थेसाठी प्रभात सोडली, १९४५ मध्ये दामले निवर्तले, आणि पुढील दशकात कंपनी मोडीत निघाली; तिच्या जागेवर १९६० पासून चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था आहे. शांताराम गेले आणि प्रभात संपली, हे सोपे सूत्र मात्र टिकत नाही, कारण ‘रामशास्त्री’ हा तिचा नावाजलेला चित्रपट त्यांच्या जाण्यानंतर, १९४४ मध्ये आला.

यावरून असे दिसते की चाहता ज्याला ऱ्हास म्हणतो तो पुष्कळदा कसबी हातांचा बिऱ्हाडबदल असतो, आणि याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या नमनात सापडते. नमन, अर्थात खेळे, हे शिमग्याशी जोडलेले लोकनाट्य असून त्यात गण, गौळण व पुढे वग असा क्रम असतो; काळा झगा, उंच टोपी, पांढरी लांब दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा अशा वेषातला संकासूर मृदंगाच्या ठेक्यावर अंगणात शिरला की पुढच्या रांगेतली पोरे मागच्यांच्या मांडीवर चढतात. शिमग्याला मुंबईहून आलेला चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी गाव सोडलेला गावकरी, खुर्चीवर टेकून पहिले मत देतो ते ‘नमनात पूर्वीची मजा नाही’ हे. त्या पूर्वीच्या नमनात मृदंगावर त्याचा थोरला भाऊ होता, गौळणीत राधा झालेला चुलता होता, आणि ते दोघेही त्याच्याच पाठोपाठ मुंबईस गेले, हा तपशील मत देताना गाळला जातो.

गंमत अशी की हाच चाकरमानी मुंबईच्या नाट्यगृहात बहुरंगी नमनाचे तिकीट काढून बसतो आणि तेथे शिट्ट्या वाजवतो. बहुरंगी नमन म्हणजे दिवे, पडदे व ध्वनियोजनेसह रंगमंचावर आणलेले नमन. त्यातले अनेक कलावंत गावच्याच मंडळांतून घडलेले असतात. गावात मात्र वर्गणीची वही आली की तोच गृहस्थ सुटे पैसे नसल्याची सबब सांगतो, गौळण संपताच ‘सकाळची गाडी पकडायची आहे’ म्हणत उठतो, आणि वगाच्या वेळी अर्धे अंगण रिकामे दिसले की मंडळालाच बोल लावतो. मंडळाचा पेटीवाला या सगळ्यांपेक्षा मोठा तत्त्वज्ञ असतो. तो काही न बोलता काळी दोनची पट्टी धरतो आणि उरलेल्यांसाठी वाजवतो.

गायनॅक्सच्या हिशेबात पदाधिकाऱ्यांची उधळपट्टी दोषी ठरली, प्रभातमध्ये भागीदारांची फाटाफूट. गावच्या नमनात ना कर्जे आहेत ना भागीदार, आणि तरीही अंगण ओस पडते, याचे उत्तरदायित्व प्रेक्षकाकडेच जाते. तेव्हा तटाखालच्या तरुण मंडळींनी आवडत्या चित्रकारांच्या नव्या संस्थांच्या मालिका जमेल तेव्हा पैसे मोजून पाहाव्यात, आणि येत्या शिमग्यात चाकरमान्यांनी वर्गणी आधी देऊन वग संपेपर्यंत बसावे; नमन कसे झाले ते त्यानंतर बोलावे.